सगळ्यात वरचं काडतूस

हॅस्केलने रोवेनाच्या पिस्तुलाचं मॅगझिन काढलं आणि त्यातली आठ काडतुसं काउंटरवरच्या रबरी पट्टीवर ओळीने उभी केली.

"मार्चपासून तशीच भरलेली आहेत," रोवेना म्हणाली. "ही सरावात उडवून टाकते. जवळ ठेवायला नवी द्या. ती कवटीच्या चित्राची."

"कवटी डब्यावर आहे, पोरी. आत नाही." हॅस्केल चाळीस वर्षं हे बंदुकांचं दुकान चालवत होता. "सरावाला स्वस्तातली गोल टोकाची घे. अडकलं तर चार शिव्या घालशील, संपलं. जिवासाठी ठेवायची ती पोकळ टोकाची, आणि तीही तुझ्याच पिस्तुलातून दोन डबे न अडकता गेली पाहिजेत. लोक इथेच काटकसर करतात आणि मग–"

तो थांबला. वाकून त्याने डोळे पट्टीच्या पातळीला आणले.

सात काडतुसं एका उंचीची होती. आठवं बुटकं होतं. दहा सेंटच्या नाण्याच्या जाडीइतकंच, पण बुटकं.

"हे सगळ्यात वर होतं. रोज नळीत चढवतेस आणि उतरवतेस?"

"नाही. का?"

"नळीत चढताना टोक आपटतं. दर खेपेला गोळी कवचात केसभर आत सरकते. हे उडवलं असतंस तर आतला दाब वाढून पिस्तूल हातात फुटू शकलं असतं." त्याने काडतूस उलटं करून भिंगाखाली धरलं. बुडाच्या कडेवर ओरखड्यांवर ओरखडे होते. "एकदा-दोनदा नाही. वीस-पंचवीस वेळा चढवलंय, काढलंय, परत वर ठेवलंय."

"मी हातसुद्धा लावलेला नाही. कामावर, हॉस्पिटलच्या आवारात, नेऊ देत नाहीत. ड्रॉवरमध्येच पडून असतं."

"घरी आणखी कोण असतं?"

रोवेनाने खिडकीबाहेर पाहिलं. समोर त्यांचा ट्रक उभा होता. इंजिन बंद होतं, तरी ड्वेनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मे महिन्यात तो कामाला होता ती खाण बंद झाली, तेव्हापासून ती ड्यूटीवर गेली की तो घरी एकटाच असायचा. ती परतायची तेव्हा भांडी घासलेली असत, गवत कापलेलं असे, जेवण तयार असे. शिकारीच्या दोन्ही रायफली त्याने गेल्या महिन्यात भावाकडे नेऊन दिल्या होत्या. जागा अडते, म्हणाला होता. पिस्तूल तेवढं तिचं, म्हणून घरात राहिलं होतं.

तिने काउंटरची कड धरली.

"माझा नवरा," ती म्हणाली.

हॅस्केलने ते बुटकं काडतूस उचलून खिशात टाकलं. मग हळू आवाजात म्हणाला, "जितक्या वेळा चढवलंय तितक्या वेळा उतरवलंयसुद्धा. हेही ध्यानात ठेव."

त्याने पिस्तूल खालच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "स्प्रिंग सैल झालीय म्हणून त्याला सांग. आणि आजच त्याच्याशी बोल. उद्यावर टाकू नकोस, आणि त्याला एकटं सोडू नकोस."

ती ट्रकमध्ये बसली. पिस्तुलाची रिकामी पेटी मांडीवर होती. ड्वेनने पेटीकडे पाहिलं.

"काय झालं?"

"ठेवून घेतलं. स्प्रिंग बदलायला हवी म्हणाला."

ड्वेनने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, पण त्याने ट्रक हलवला नाही.

"किती दिवस लागतील?"

"काही सांगितलं नाही. बाहेरून मागवावी लागेल."

तो समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याचे हात स्टिअरिंगवरून निसटून मांडीवर आले.

"घाई नाही म्हणावं," तो म्हणाला.