मडगार्डच्या मागून

लकवा झाल्यापासून माझ्या डाव्या हाताला डॉली पेलत नाही, म्हणून सुरतेतलं गॅरेज बंद करणार होतो.

"हूं छुं ने, मी आहे ना, आजोबा! मी धरते," नात निशा म्हणाली.

मी शिकवलं, "चेपलेल्या मडगार्डच्या मागे हा लोखंडी ठोकळा, ही डॉली, दाबून धरायची. पुढून मी हातोडी मारतो. मागे डॉली असली की टण्ण वाजतं, नसली की नुसतं धप्प."

मी चार ठोके मारले. चारही टण्ण वाजले.

"शाब्बास, पोरी!"

निशा हातमोजे घालत दारातून आली. "थांबा ना! डॉली तर तुमच्या स्टुलाखालीच आहे."

तिला जवळ घेऊन मी हळूच पाचवा ठोका मारला. टण्ण.

"मग गॅरेज चालू राहील ना, आजोबा?"

मी काही बोलायच्या आत पत्र्यामागून एक ठोका वाजला.