साडेतेरा इंच

न्यू जर्सीच्या कायद्याला अशा अर्धस्वयंचलित बंदुकीला खांद्याला टेकवायचा, मागेपुढे सरकणारा दस्ता चालत नाही, म्हणून लाइलने आपल्या नव्या पॉइंट टू-टू रायफलचा दस्ता एका मापावर कायमचा पक्का करायला दिला.

"किती ठेवू?" दुकानदाराने विचारलं.

"साडेतेरा इंच," लाइल पटकन बोलून गेला.

त्याची बायको व्हर्ना चमकली. लांब हातांच्या लाइलला चौदा लागायचे, तिला साडेबारा. साडेतेराचा दस्ता अख्ख्या नेमबाजी क्लबात बसायचा तो एका ग्वेनच्या खांद्याला. आणि हा माणूस बायकोच्या अंगठीचं माप दोनदा चुकलेला.

"एकदा खिळा ठोकला की हलत नाही ना?" तिने दुकानदाराला विचारलं.

"नाही, बाई."

"मग साडेबारावर ठोका," ती लाइलकडे बघत म्हणाली. "आणि घट्ट. याला सरकायची सवय आहे."