माळ्यावरचे घुबड

पुढे दूरदर्शनवर वन्यजीवांचे कार्यक्रम सादर करून घरोघरी पोहोचलेले तळवडेकर मास्तर तेव्हा काळाचौकीच्या चाळीत राहत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात शेजारच्या चंपाकाकूंचा मुलगा गोळीबारात गेला. आदल्या रात्री माळ्यावरचे घुबड ओरडले होते, म्हणून चाळकरी काठ्या घेऊन त्याच्या पिल्लांवर चालून आले. मास्तर जिन्यात आडवे उभे राहिले.

"अहो, घुबड उंदीर खातं, माणसाचं मरण त्याला काय ठाऊक?"

"मास्तर, भाषण गणपतीत द्या! आता बाजूला व्हा."

एवढ्यात चंपाकाकू बाहेर आल्या. पहिला घाव त्यांचाच, म्हणून कुणीतरी त्यांच्या हाती काठी दिली. ती त्यांनी जिन्याखाली फेकली.

"माझो झील बंदुकीसमोर उभो रवलो, आणि तुमी पिल्लांका मारूक इलात?"