शेवटचे तीन आकडे

शिवांजलीनं तोच आकडा दोन्ही कॅल्क्युलेटरांत घातला आणि साइनचं बटण दाबलं. तिच्या कॅल्क्युलेटरनं एक उत्तर दिलं, मैत्रिणीकडून, सोनियाकडून आणलेल्यानं भलतंच. तिनं पुन्हा दाबलं. दोघंही आपापल्या उत्तरावर ठाम.



पत्रिका बघणाऱ्या जोतिबाकाकांना दिसेनासं झालं, तेव्हापासून त्यांचं गणित अकरावीतली ही पोरगीच करायची. काकांची रीत जुनी. सृष्टी झाल्यापासूनचे दिवस धरायचे, त्यांना चंद्राच्या रोजच्या चालीनं गुणायचं. तेरा आकडी कोन येई. त्यातून तीनशेसाठचे सगळे फेरे कागदावर वजा करायचे आणि उरल्या कोनावर साइनचं बटण दाबायचं. एवढं कोण बसतंय करत! पठ्ठी अख्खा कोनच मशीनला चारायची. तिच्या मशीनमध्ये मावायचे दहाच आकडे, सोनियाच्यात जास्त. शेवटचे तीन ते गुपचूप गिळायचं, आणि चंद्र कुठं आहे ते नेमकं त्या तिनांतच असायचं.

गेल्या आठवड्यात तिनं थोरल्या बहिणीची, पूजाची पत्रिका अशीच केली होती. "चंद्र आडवा हाय," काका म्हणाले, आणि मिरजेच्या शिवतेजशी ठरलेलं लग्न मोडलं. पूजा तीन दिवस जेवली नव्हती. उद्या शिवतेजची सुपारी दुसरीकडं फुटणार होती.

शिवांजलीनं पूजाच्या कोनातले फेरे हातानं वजा केले. एकदा, दोनदा. मग धावतच काकांचं घर गाठलं. बाहेर ओट्यावर पत्रिका दाखवायला आलेली माणसं बसली होती.

"काका, माझं चुकलं. ताईचा चंद्र आडवा न्हवताच! लावा फोन मिरजेला, आत्ताच्या आत्ता. तुमी सांगितलं तर थांबतील ती."

काकांनी फोन चाचपून हातात घेतला. "कवापासनं असं करतीयास?"

"गेल्या सालापासनं."

"किती पत्रिका झाल्या?"

"शंभरेक असतील." आता शिव्या बसणार म्हणून तिनं मान खाली घातली.

काका मग हसले. 

"शंभर घरं! आन् चुकलं म्हणून एकबी माघारी आलं न्हाई." त्यांनी फोन पालथा ठेवला. "मग ऱ्हाऊ दे की तुझं मशीनच. बोलव, भाईर कोण बसलंय त्यास्नी."