नागुबाईचं मौन

“नागू, पोलिसाशी खोटं बोलायचं न्हाई. अन् खरंबी सांगायचं न्हाई. भाकर मागितली तर भाकर द्यायची, पाणी मागितलं तर पाणी. जबाब तेवढा द्यायचा न्हाई.”

उंबरा ओलांडताना कल्याणराव बायकोला एवढंच बोलले होते. आदल्या संध्याकाळी पारावर साऱ्या चारठाण्याला त्यांनी हेच सांगितलं होतं. हद्दीपलीकडं स्वराज्य आलं होतं. इकडं अजून निजामाचाच अंमल होता, आणि चावडीवर तिरंगा लावला म्हणून त्यांच्या नावाचं वॉरंट निघालं होतं.

नागुबाईला हे अवघड वाटलं नव्हतं. सोमवारी इष्टलिंगाची पूजा उरकेपर्यंत ती तोंडातून शब्द काढत नसे. गप्प राहिल्यानं कुणाचं वाईट होत नाही, अशी तिची समजूत होती.

आजही सोमवारच. तळहातावरचं लिंग वस्त्रात गुंडाळून तिनं गळ्यात बांधलं, तोच अंगणात बूट वाजले.

निजामाच्या पोलिसांचे फौजदार, अमीनसाहेब आले होते. मागं दोन जवान, आणि त्यांच्यामध्ये दोरानं हात बांधलेला एक माणूस. ओठ फुटलेला, धोतर चिखलानं भरलेलं. बघता बघता गाव गोळा झालं.

नागुबाईनं पदर कपाळाखाली ओढला आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

“जिंतूरच्या वाटेवर सापडला,” अमीन म्हणाले. “मार खाल्ला, पण नाव सांगत नाही. आता तुम्ही सांगा. माणिकराव, तुम्ही पोलीस पाटील. कोण हा?”

“मी पाटील न्हाई आता, साहेब,” माणिकराव खाली बघत म्हणाले. “पाटीलकी चावडीत जाऊन सोडून आलो.”

अमीन गाडीवानाकडं वळले. “आश्रुबा, तू बोल.”

“माणूस दिसायलाय, साहेब. लय मार खाल्ल्याला.”

कुणीतरी फिसकन हसलं. जवानानं आश्रुबाच्या पाठीत दंडुका घातला. आश्रुबा वाकला, पुन्हा सरळ झाला, आणि हात जोडून उभा राहिला.

“तुमीच धरून आणलं, तुमालाच ठाव,” शेजारच्या दगडाबाईनं मागून टोमणा मारला. “आमाला काय पुसता?”

अमीन चिडले नाहीत. ओट्यावर बसले, टोपी मांडीवर ठेवली.

“कल्याणराव लिंगायत, आणि याच्या गळ्यात लिंग नाही,” ते जवानाला म्हणाले.

“ओळख पटू नये म्हणून फेकलं असंल, हुजूर.”

नागुबाईचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडं गेला. अमीननं ते पाहिलं.

“देखो बाई,” आवाज उतरवून ते म्हणाले, “नवऱ्याचं नाव तुम्ही बायका घेत नाही, मला ठाऊक आहे. नाव नका घेऊ. हा कल्याणराव आहे का नाही, एवढंच सांगा. तुम्ही व्रतवैकल्याच्या बाई. खोटं बोलणार नाही, म्हणून तुमच्याच दारी आलो. ‘न्हाई’ म्हणा, आत्ता दोर सोडतो. हा आपल्या वाटेनं जाईल.”

एका ‘न्हाई’वर दोर सुटणार होता.

“म्हन की, बाय,” दगडाबाई कानाशी पुटपुटली. “सुटंल बिचारा.”

नागुबाईनं डोळे मिटले. शब्द जिभेवर आला होता. तो काही मोठा नव्हता, लहान पोरही बोलेल असा. तिनं तो गिळला. डोळ्यांतून पाणी आलं तेवढं मात्र तिला आवरता आलं नाही.

“पाणी द्या,” तो माणूस पहिल्यांदाच बोलला.

ती आत गेली, तांब्या भरून आणला. हात बांधलेले, म्हणून तिनंच त्याच्या तोंडाशी धरला. तो घटाघटा प्याला. मग खाली मान घालून, ओठ न हलवल्यासारखं करून, तो काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. नागुबाईनं एकदाच मान हलवली.

“क्या बोला?” जवान पुढं सरसावला.

“राहू दे,” अमीन उठले. “मियाँ-बीवीची बात आहे.” टोपी डोक्यावर चढवत त्यांनी अंगणातल्या साऱ्या मिटल्या तोंडांवरून नजर फिरवली. “एकानं जरी ‘हा आमचा नव्हे’ म्हटलं असतं ना, तर मी घोटाळ्यात पडलो असतो. परक्यासाठी कुणी एवढं गप्प बसत नाही. पटली ओळख. चलो, कल्याणराव.”

तो माणूस मुकाट चालू लागला. वळणावर त्यानं एकदा मागं पाहिलं. नागुबाईनं तिथूनच हात जोडले.

त्या दिवशी चूल पेटली, पण तिनं उपास सोडला नाही. माणिकराव संध्याकाळी ओट्यावर येऊन नुसते बसून गेले.

उजाडताच तिनं भाकरी फडक्यात बांधल्या आणि परभणीला निघालेल्या आश्रुबाच्या गाडीत बसली.

“जेलापाशी सोडू का, वैनी?” पाठ चोळत आश्रुबानं विचारलं.

“न्हाई भावजी. टेसनात सोडा. गंगाखेडला जायचंय.”

गाडी गावाबाहेर पडली. तिथं गोदावरीच्या घाटाजवळ राहणाऱ्या छबूबाई नावाच्या म्हातारीला काय सांगायचं, ते ती मनाशी जुळवत होती. “माय, माझे मालक हद्दीपार पोचले, हे पाणी पिताना तुमच्या लेकानंच मला सांगितलं. तुमचा मुंजाजी त्यांच्या नावावर आत गेलाय. त्याला मी काल पहिल्यांदाच बघितलं.”