घरचा लवाद

छापखान्यातलं जुनं मशीन ठेवायचं की काढून टाकायचं, यावरून दाजी आणि त्यांचा मेहुणा या दोघा भागीदारांचं असं बिनसलं, की मेहुण्याने सरळ दावाच ठोकला. दाजींचा त्या मशीनवर भारी जीव. त्यांनी करारनामा वकिलापुढे आपटला.

"वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादाचा निकाल मानायचा, असं स्वच्छ लिहिलंय यात. कोर्टालाच सांगा, आम्हाला कोर्टात घेऊ नका म्हणावं!"

करारातली लवाद होती दाजींची बायको, म्हणजे मेहुण्याची सख्खी बहीण. "ती नवऱ्याचीच री ओढणार," असं म्हणत मेहुण्याच्या वकिलाने पाय रोवले. तारखांवर तारखा पडत गेल्या. कोर्टात प्रकरण चालू आहे तोवर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं दाजींनी बायकोला बजावून ठेवलं होतं.

तीन वर्षांनी न्यायाधीशांनी दाजींचं म्हणणं उचलून धरलं. करारात ठरलंय तसं लवादाकडेच जा.

त्याच संध्याकाळी दोघेही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"ताई, आता तूच सांग. मशीन ठेवायचं की काढायचं?" मेहुण्याने विचारलं. दाजी मात्र मनातल्या मनात कधीच जिंकले होते.

तिने शाईने माखलेले हात फडक्याला पुसले.



"ते मी मागच्याच वर्षी भंगारात दिलं. तुमच्यापैकी एक जण जरी छापखान्याकडे फिरकला असता, तरी दिसलं असतं."