पाचवं कडबोळं

सोयराबाईंनी पाचवं कडबोळं उचललं, आणि हयवदनराव काही बोलले नाहीत.

एरवी दुसऱ्यालाच त्यांचा आवाज आला असता. चिकपेटेत दातांच्या डॉक्टरच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या होत्या. घरच्या माणसावर कवळीची पाळी येऊ द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. कडबोळं हातानं मोडून खायचं, दाढेखाली फोडायचं नाही. थंड प्यायचं ते स्ट्रॉनं. गोड खाल्लं की चूळ भरायची. आंबट प्यायल्यावर मात्र लगेच दात घासायचे नाहीत, अर्धा तास थांबायचं. श्रीरामपुरमच्या मराठी घरांत त्यांची थट्टा चाले, की हयवदनअण्णांकडे सत्यनारायणाच्या प्रसादावरसुद्धा चूळ भरायला लावतात.

आज नातवाचं बोरन्हाण होतं. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून ऋतुराज पाटावर बसला होता. त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतत होते आणि गल्लीतली पोरं वेचायला एकमेकांच्या अंगावर पडत होती. मोठ्यांसाठी कडबोळी, तिळाच्या वड्या आणि ऑरेंजच्या थंड बाटल्या.

सोयराबाईंच्या डाव्या गालाच्या आत दोन महिने एक जखम होती, ती भरत नव्हती. उद्या सकाळी आठला त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. तपासणी आहे, एवढंच त्यांना सांगितलं होतं. खरं काय ते हयवदनरावांना आणि मुलाला ठाऊक होतं. रोग वाईट होता. किरण द्यायचे होते, आणि त्याआधी दात काढायचे होते. उद्याच. चाळीस वर्षं हयवदनराव बायकोचे दात बघत आले. गाल बघायचा राहून गेला.

म्हणून आज तिला कशालाही अडवायचं नाही, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

"अगं बाई, आत्या, पाचवं?" सून नीरजा म्हणाली. "मामंजी, तुमचं लक्ष कुठाय? पोलीसच झोपला म्हणजे झालं!"

बायका हसल्या.

"खाऊ दे गं," हयवदनराव म्हणाले. "सणाचा दिवस आहे."

सोयराबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. कडबोळं ताटलीत परत ठेवलं. मग ऑरेंजची बाटली घेतली, त्यातली स्ट्रॉ काढून बाजूला टाकली, आणि नवऱ्याकडे बघत बघत सरळ तोंडाला लावली. हयवदनराव नातवाकडे बघू लागले. सोयराबाईंनी तिळाची वडी घेतली, दाढेत रुतून बसणारी, चिक्कट. ती खाल्ली. दुसरी घेतली.

"आणखी घे की," हयवदनराव म्हणाले.

दुसरी वडी सोयराबाईंच्या हातातच राहिली. त्या उठल्या आणि मागच्या अंगणात गेल्या. त्यांच्या पाठोपाठ तेही गेले.

"काय होणार आहे उद्या?"

"तपासणी. सांगितलं ना तुला."

"तपासणीच आहे, तर मला अडवलं का नाहीत?"

"अगं, सण..."

"गेल्या संक्रांतीला सण नव्हता? तेव्हा विहीणबाईंच्या देखत हातातली वडी काढून घेतली होती माझ्या. दोन दिवस बोलले नव्हते मी तुमच्याशी." त्यांनी वडी धुण्याच्या दगडावर ठेवली. "किती काढणार?"

हयवदनरावांनी भिंतीला हात टेकला. खोटं बोलायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि खरं तेच बाहेर पडलं.

"खालचे सगळे. वरचे बघून ठरवतील. किरण द्यायच्या आधी काढावेच लागतात."

किरण म्हटल्यावर सोयराबाईंनी रोगाचं नाव विचारलं नाही. पलीकडच्या घरातल्या शालनला किरण दिले होते. ती गेली तेव्हा तिच्या दिवसांत सोयराबाईच जेवण करून देऊन आल्या होत्या.

आतून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"मग कवळी तुम्हीच कराल ना?" त्या म्हणाल्या.

हिरड्या भरायला किती महिने लागतात, हे हयवदनरावांइतकं त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरनं तिचे किती महिने उरलेत म्हणून सांगितलं, तेही त्यांना ठाऊक होतं.

"करू की," ते म्हणाले. पण ते दोन शब्द असे फाटून आले, की सोयराबाईंनीच पुढं होऊन त्यांचा हात धरला.

तेवढ्यात मागच्या दारातून शेजारची सौम्या संक्रांतीचं ताट घेऊन आली. तीळ, गूळ, खोबऱ्याचे काप, आणि वर उसाचं हातभर कांडं.

"अक्का, स्वल्प घ्या, थोडंसंच. ऊस सोलून देते हं, लहान तुकडे करते. अण्णा रागावतात ना नाहीतर."

"नको. तसाच दे."

सोयराबाई उंबऱ्यावर बसल्या. कांड्याचं टोक दातांत धरलं, नीट, उजव्या बाजूनं. करकर आवाज झाला. त्यांनी मान मागं ओढली, आणि जाड साल वरपासून खालपर्यंत एका दमात निघून आली. रस हनुवटीवरून ओघळला. त्यांनी तो पुसला नाही.

"अय्यो अक्का!" सौम्या तोंडावर हात ठेवून हसली. "या वयात असले दात!"

"यांनी सांभाळलेत," सोयराबाई म्हणाल्या, आणि सालीची ती लांब पट्टी त्यांनी हयवदनरावांच्या हातात दिली.